आकाशातील इंटरनेट आणि जमिनीवरील तयारी

भिलाई हे नगरच मुळी दूरदूरच्या माणसांनी वसविलेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. साहजिकच विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली आणि येथेच स्थिरावली. मागे राहिलेल्या आईवडिलांची खुशाली त्यांना पत्रातून कळे, तातडीची बातमी तारेने येई आणि ट्रंक कॉल लागेपर्यंत तासन्‌तास वाट पाहावी लागे. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली, तोवर घराघरांत मोबाइल पोहोचला होता.

आज त्याच घरांतील पुढची पिढी बंगळूरु, लंडन, सॅन फ्रान्सिस्को अशा ठिकाणी नोकरी करते. व्हिडिओ कॉलमुळे अंतर फारसे जाणवत नाही. अपवाद एकच, आणि तो म्हणजे विमानातील तास. भिलाईजवळ नंदिनी येथे धावपट्टी असली, तरी नियमित प्रवासी विमानासाठी सुमारे ४५ किलोमीटरवरील रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ गाठावा लागतो. तेथून दिल्ली किंवा मुंबई आणि मग पुढचे लांब पल्ल्याचे उड्डाण. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जायचे, तर एकाच विमानात पंधरा तासांहून अधिक काळ बसावे लागते. पूर्वी एवढा वेळ प्रवासी जगापासून सर्वस्वी तुटलेला असे. विमानातील इंटरनेट सेवेमुळे आता तसे राहिलेले नाही.

अशा एका प्रसंगाची कल्पना करावी. मुलगी विमानात आहे. इकडे भिलाईत वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागते आणि रुग्णालय अनामत रक्कम मागते. आई संदेश पाठविते. विमानात इंटरनेट असल्यामुळे तो मुलीला लगेच मिळतो. ती बँकेचे संकेतस्थळ उघडते, रक्कम भरते, पुढचे बटण दाबते आणि पडद्यावर सूचना येते की, नोंदणीकृत मोबाइलवर पाठविलेला ओटीपी भरावा. तो ओटीपी काही येत नाही. इंटरनेट चालू आहे, खात्यात पैसा आहे, तरीही व्यवहार अडलेला आहे.

हे असे का घडते, विमानात इंटरनेट पोहोचते तरी कसे आणि त्यावर किती विसंबावे, हे समजून घेणे प्रत्येक प्रवासी ग्राहकाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हिताचे आहे.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. विमानात मोबाइलवर वाय-फायची खूण दिसली म्हणजे इंटरनेट मिळालेच असे नाही. वाय-फाय ही केवळ प्रवाशाचा मोबाइल आणि विमानात बसविलेले यंत्र यांच्यातील काही मीटरची बिनतारी जोडणी होय. अनेक विमानांत या वाय-फायवर फक्त विमानातच साठविलेले चित्रपट आणि गाणी उपलब्ध असतात आणि बाहेरच्या जगाशी कोणताही संपर्क नसतो. तिकिटावर किंवा आसनासमोरच्या पत्रकावर वाय-फाय करमणुकीचा उल्लेख असेल, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

खरे इंटरनेट मिळण्यासाठी विमानातील यंत्रणेचा जमिनीशी संपर्क व्हावा लागतो. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत जमिनीवर मनोरे उभारून त्यांचे संदेशकिरण आकाशाच्या दिशेने सोडले जातात. विमानाच्या पोटाखालील अँटेना ते पकडते आणि विमान पुढे जाईल तसा संपर्क एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. अमेरिकेत २००८ पासून ही पद्धत प्रवासी विमानांत वापरात आली. प्रारंभी एका संपूर्ण विमानाला सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिट एवढा वेग मिळत असे. समुद्रावर मनोरे उभारता येत नाहीत, ही या पद्धतीची मूळ मर्यादा आहे.

दुसरी पद्धत उपग्रहाची. विमानाच्या पाठीवर एक लहानसा उंचवटा दिसतो. त्या आवरणाखाली उपग्रहाकडे रोखलेली अँटेना असते. विमान तासाला सुमारे ८५० किलोमीटर वेगाने धावत असते, वळत असते, कलत असते, तरीही ही अँटेना आपले तोंड सतत त्याच उपग्रहाकडे ठेवते. प्रवाशाने पाठविलेला संदेश वाय-फायने विमानातील यंत्राकडे, तेथून अँटेनामार्गे उपग्रहाकडे, उपग्रहाकडून जमिनीवरील भूकेंद्राकडे आणि तेथून नेहमीच्या इंटरनेटमध्ये जातो. उत्तर याच मार्गाने उलट येते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यावयाचा आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यावयाचे, म्हणजे एका फेरीत सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा प्रवास झाला. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. बँकेचे एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात आणि म्हणूनच ते पान रेंगाळत उघडते. साध्या शब्दांतील संदेश मात्र चटकन जातो. अलीकडे जमिनीपासून सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या असंख्य लहान उपग्रहांच्या साखळीतूनही विमानांना इंटरनेट पुरविले जाऊ लागले आहे. अंतर कमी असल्यामुळे त्यात हा विलंब जवळजवळ जाणवत नाही.

याशिवाय आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, उपग्रहाकडून मिळालेली क्षमता विमानातील शेकडो प्रवाशांत वाटली जाते. रात्रीचे जेवण आटोपले आणि सर्वांनी एकाच वेळी मोबाइल उघडले की वेग मंदावतो. दुसरी म्हणजे, विमान एका उपग्रहाच्या किंवा त्याच्या एका किरणाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाते, तेव्हा संपर्क काही क्षण तुटू शकतो. भारतातून उत्तर अमेरिकेकडे जाणारी काही उड्डाणे उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातात. तेथून भूस्थिर उपग्रह क्षितिजाच्या अगदी जवळ किंवा त्याखाली गेलेला असतो, त्यामुळे सेवा दीर्घ काळ बंद पडू शकते. काही देशांच्या हवाई हद्दीत तेथील नियमांमुळेही ती थांबविली जाते.

दोन दशकांची वाटचाल

ही सेवा वाटते तेवढी नवी नाही. बोइंग कंपनीने कनेक्शन या नावाने उपग्रहावर आधारित सेवा उभारली आणि मे २००४ मध्ये लुफ्तान्सा कंपनीच्या म्यूनिक ते लॉस एंजेलिस या उड्डाणात प्रवाशांना प्रथमच ती व्यापारी तत्त्वावर मिळाली. लांब उड्डाणासाठी सुमारे ३० डॉलर मोजावे लागत. यंत्रसामग्री अवजड होती, ती विमानात बसविण्याचा खर्च मोठा होता आणि त्या मानाने पैसे देऊन सेवा घेणारे प्रवासी थोडे होते. ऑगस्ट २००६ मध्ये कंपनीने सेवा गुंडाळण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षाअखेर ती बंद झाली.

तंत्रज्ञान यशस्वी झाले तरी व्यवसाय यशस्वी होतोच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे स्मार्टफोन प्रत्येकाच्या खिशात आला, अँटेना हलक्या झाल्या, उपग्रहांची क्षमता वाढली आणि चित्र पालटले. फेब्रुवारी २०२३ पासून अमेरिकेतील डेल्टा कंपनीने आपल्या बहुतांश देशांतर्गत उड्डाणांत सदस्य प्रवाशांना ही सेवा विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. एकेकाळी चैनीची मानलेली सेवा अशा रीतीने हळूहळू तिकिटाबरोबर मिळणाऱ्या सोयींत जाऊन बसू लागली आहे.

भारतातील नियम आणि सेवा

भारतात हा विषय सुरक्षेच्या दृष्टीने काळजीपूर्वक हाताळला गेला. एप्रिल २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडवर ठेवलेली उपकरणे उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत वापरण्यास मुभा दिली. मात्र तेव्हा इंटरनेटला परवानगी नव्हती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १९ जानेवारी २०१८ रोजी या विषयावरील शिफारशी सादर केल्या आणि त्यानंतर १४ डिसेंबर २०१८ रोजी विमान व सागरी संपर्क सेवेचे नियम अधिसूचित झाले. भारतीय हवाई हद्दीत किमान ३,००० मीटर उंची गाठल्यावरच सेवा द्यावी, असे त्यांत ठरविण्यात आले. एवढ्या उंचीवर विमानातील यंत्रणेचा जमिनीवरील मोबाइल जाळ्याला अडथळा होत नाही, हे त्यामागील एक कारण. २०२० मध्ये विमानविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, उपकरणे फ्लाइट मोडवर असताना वाय-फायने इंटरनेट वापरू देण्याचा अधिकार मुख्य वैमानिकाला मिळाला. नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीने, विमानात उपकरणे वापरण्यास परवानगी असेल तेव्हाच वाय-फायवरील इंटरनेट उपलब्ध करून द्यावे, असे स्पष्ट करण्यात आले.

भारतीय कंपन्यांपैकी विस्ताराने सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली ते लंडन मार्गावरील बोइंग ७८७-९ विमानात ही सेवा प्रथम दिली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. १ जानेवारी २०२५ रोजी एअर इंडियाने देशांतर्गत उड्डाणांतही वाय-फाय इंटरनेट सुरू केल्याचे जाहीर केले. एअरबस ए३५०, बोइंग ७८७-९ आणि काही निवडक ए३२१निओ विमाने यांपुरती ती सेवा होती. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तयार केलेला जीसॅट-एन२ हा उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील केप कॅनाव्हेरल येथून अवकाशात सोडण्यात आला. सेकंदाला ४८ गिगाबिट एवढी त्याची क्षमता असून, विमानातील इंटरनेट हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सेवा विमानकंपनीवर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक प्रत्यक्ष विमानावर अवलंबून असते. एकाच कंपनीच्या एका विमानात इंटरनेट असते आणि दुसऱ्यात नसते, शिवाय ऐनवेळी विमान बदलले जाऊ शकते. रायपूर ते दिल्ली हा प्रवास सुमारे दोन तासांचा. त्यातून चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वगळला, तर सेवा असूनही वापरास जेमतेम सव्वा तास उरतो. म्हणून छोट्या प्रवासात इंटरनेट मिळेल असे गृहीत धरू नये. लांब पल्ल्याच्या उड्डाणापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर विमानाचा प्रकार आणि सेवेची अट पाहून घ्यावी.

ओटीपी का येत नाही?

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. मुलीला आईचा संदेश मिळाला, पण बँकेचा ओटीपी मिळाला नाही. कारण हे दोन्ही संदेश वेगवेगळ्या वाटांनी येतात. आईचा संदेश इंटरनेटवरून आला. ओटीपी मात्र लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, असतो आणि तो मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यामार्फत सिमकार्डापर्यंत पोहोचतो. फ्लाइट मोडमध्ये सिमकार्डाचा मनोऱ्याशी संबंध तोडलेला असतो. वाय-फाय सुरू केल्याने इंटरनेटची वाट उघडते, पण सिमकार्डाची वाट बंदच राहते. विमान उतरल्यावर मोबाइल सुरू केला की तो ओटीपी येतोही, पण तोवर त्याची मुदत संपून गेलेली असते.

ओटीपीची ही अट ग्राहकाच्या रक्षणासाठीच आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी अतिरिक्त प्रमाणीकरण बंधनकारक केले. कार्ड चोरीला गेले किंवा त्याचा क्रमांक दुसऱ्याला कळला, तरी पैसा सहजी जात नाही, तो या दुसऱ्या कुलपामुळे. आकाशात मात्र या कुलपाची किल्ली जमिनीवर राहून गेलेली असते.

याला काही पर्याय आहेत. काही विमानांत वाय-फायखेरीज लहानसे मोबाइल केंद्रही बसविलेले असते. एमिरेट्स कंपनीच्या दुबई ते कॅसाब्लांका उड्डाणात २० मार्च २००८ रोजी अशा यंत्रणेवरून अधिकृत संभाषण झाले होते. भारतातील काही दूरसंचार कंपन्यांनी २०२० पासून विमानप्रवासासाठी वेगळी शुल्क-योजना उपलब्ध करून दिली. अशी योजना घेतलेली असेल आणि विमानात ती यंत्रणा असेल, तर कर्मचाऱ्यांच्या अनुमतीने लघुसंदेश मिळू शकतो. योजना न घेता अशा जाळ्याला मोबाइल जोडला गेला, तर मात्र रोमिंगचे भरमसाट देयक येण्याचा धोका असतो. काही मोबाइलवर वाय-फायमार्गे कॉल आणि लघुसंदेश घेण्याची सोय असते, पण अनेक विमानकंपन्या ध्वनिसंभाषण बंद ठेवतात. त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी तिच्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

यूपीआयची गोष्ट थोडी निराळी आहे. नोंदणीच्या वेळी मोबाइलवरून लघुसंदेश जावा लागतो, पण एकदा नोंदणी झाली की व्यवहार इंटरनेट आणि गुप्त पिन यांवर चालतो. तरीही काही ॲप सुरक्षेसाठी सिमकार्ड जागेवर आहे की नाही हे तपासतात आणि फ्लाइट मोडमध्ये अडून बसू शकतात. विमानात बसून नवा मोबाइल नोंदविणे किंवा विसरलेला पिन नव्याने ठरविणे, असे बेत तर करूच नयेत. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाविषयी नवे निर्देश दिले आणि त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरविली. लघुसंदेशाव्यतिरिक्त अन्य साधनांनाही त्यांत वाव आहे. आपल्या खात्यासाठी असे कोणते साधन उपलब्ध आहे, याची शाखेत चौकशी करून ते प्रवासापूर्वीच सुरू करून घ्यावे.

आणखी एक अडचण अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची. पैसे पाठविण्याचे बटण दाबले आणि त्याच क्षणी संपर्क तुटला, तर व्यवहार झाला की नाही हे कळत नाही. घाईने तोच व्यवहार पुन्हा केला, तर रक्कम दोनदा जाऊ शकते. अशा वेळी आधी खात्यातील शिल्लक आणि नोंद पाहावी, पैसे घेणाऱ्याकडे विचारणा करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

सोंग घेतलेले जाळे

विमानातील वाय-फाय ही सार्वजनिक जागा आहे, हे विसरून चालणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका देशांतर्गत उड्डाणात विमान कर्मचाऱ्यांना एक संशयास्पद वाय-फाय जाळे आढळले. एका प्रवाशाने आपल्या सामानातील छोट्या यंत्राद्वारे खऱ्या जाळ्याच्याच नावाचे खोटे जाळे निर्माण केले होते. त्याला जोडल्या गेलेल्या प्रवाशांपुढे एक बनावट पान उघडे आणि त्यांच्याकडून ई-मेलचे किंवा समाजमाध्यमांचे खाते आणि पासवर्ड मागे. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हे दाखल केले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा सुनावली.

बँकेची संकेतस्थळे आणि ॲप माहिती सांकेतिक रूपात पाठवितात, त्यामुळे मधल्या मध्ये ती वाचणे सोपे नसते. खरा धोका आहे तो ग्राहकाने स्वतःच्या हाताने बनावट पानावर माहिती भरण्याचा. विमानाचे अधिकृत पान बहुधा आडनाव, आसनक्रमांक किंवा आरक्षणाचा तपशील विचारते. ते ई-मेलचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड किंवा एटीएमचा पिन विचारू लागले, तर तेथेच थांबून कर्मचाऱ्यांना दाखवावे. जाळ्याचे नेमके नाव आधीच विचारून घ्यावे. एकाच नावाची दोन जाळी दिसत असतील, तर कोणत्याही जाळ्याला जोडू नये.

अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात महत्त्वाचे तत्त्व घालून दिले. दोष ग्राहकाचा नसेल, बँकेचाही नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर ग्राहकावर भार पडत नाही. मात्र त्याने स्वतःच गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. विमानात लघुसंदेश येत नसल्यामुळे खात्यातून पैसे गेल्याची सूचनाही तेथे मिळत नाही. म्हणून विमान उतरताच प्रथम बँकेचे संदेश वाचावेत. काही वावगे दिसल्यास ताबडतोब बँकेला कळवावे आणि भारतात असल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

निघण्यापूर्वीची शिदोरी

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात एखादा तास काढला, तर पुढच्या अनेक चिंता टळतात.

प्रवाशाने भरावयाची देयके, कर्जाचे हप्ते आणि विम्याचे हप्ते यांच्या तारखा पाहून त्यांची सोय आधीच लावावी. ज्यांना पैसे पाठविण्याचा प्रसंग येऊ शकतो, त्यांची नावे नेटबँकिंगमध्ये लाभार्थी म्हणून नोंदवून ठेवावीत, कारण नव्या नोंदणीलाही ओटीपी लागतो. विदेशी कंपनीच्या विमानात इंटरनेटचे शुल्क कार्डाने भरावयाचे असेल, तर त्या कार्डावर विदेशी ऑनलाइन व्यवहारांची मुभा सुरू आहे का, हे तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नव्या कार्डावर ही मुभा आपोआप मिळत नाही, ती ग्राहकाने स्वतः सुरू करावयाची असते. ती सुरू करताना मर्यादा अल्प ठेवावी आणि प्रवास संपताच पुन्हा बंद करावी. शुल्क परकी चलनात असल्यास रूपांतराचा आकारही त्यात मिळविला जातो, याचे भान ठेवावे.

याहून महत्त्वाची तयारी घरी राहणाऱ्यांची. आईवडिलांचा दवाखान्याचा खर्च सर्वस्वी दूरच्या मुलाच्या मोबाइलवर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. निकडीपुरती रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात असावी. पतिपत्नींचे खाते आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीचे, म्हणजे दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहणाऱ्याला चालविता येईल असे, करून घ्यावे. अनेक घरांत खाते एकट्या वडिलांच्या नावावर असते आणि नेमके तेच अंथरुणावर असतात. अशा वेळी शिल्लक असूनही पत्नीला ती वापरता येत नाही. दोघांनाही स्वतंत्र डेबिट कार्ड असावे आणि त्याचा वापर दोघांनाही येत असावा. ज्यांना यूपीआय वापरता येते, त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या देयकांकरिता व्यवहाराची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. मात्र आपल्या बँकेची मर्यादा किती आहे, हे आधी विचारून घ्यावे.

अनिवासी मुलांच्या खात्याबाबत एक बारकावा आहे. अशा खात्यात निवासी नातेवाइकाचे नाव फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीने लावले जाते, म्हणजे पहिल्या खातेदाराच्या हयातीत दुसऱ्याला केवळ नाव असल्यामुळे पैसे काढता येत नाहीत. घरच्यांनी त्या खात्यातून स्थानिक खर्च करावा अशी इच्छा असेल, तर रीतसर मुखत्यारपत्र करून ते शाखेत नोंदवावे लागते. हे काम सुट्टीवर भिलाईला आलेल्या मुलामुलींनी परतीच्या प्रवासापूर्वी उरकावे. दोन सह्या आणि काही कागद एवढाच त्याचा व्याप असतो, पण तो विमानातून करता येत नाही.

आरोग्यविम्याचे कार्ड आणि पॉलिसीची प्रत कोठे ठेवली आहे, हे घरातील एकापेक्षा अधिक जणांना ठाऊक असावे. शेजारच्या एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे प्रवासाचा तपशील द्यावा. पासवर्ड आणि पिन मात्र कोणालाही सांगू नयेत. सोयीच्या नावाखाली मुलांचा पिन आईवडिलांकडे आणि त्यांचा मुलांकडे, अशी देवाणघेवाण अनेक घरांत चालते. अडचणीच्या वेळी ती उपयोगी वाटली, तरी काही गैर घडल्यास तीच ग्राहकाची बाजू दुबळी करते.

जोडणी कशासाठी?

या सर्व तयारीनंतर आरंभीचा प्रसंग पुन्हा नजरेसमोर आणावा. आईचा संदेश मुलीला विमानात मिळतो. या खेपेस आई संयुक्त खात्याच्या आपल्या कार्डाने अनामत रक्कम भरून मोकळी झालेली असते. मुलीला पैसे पाठवावयाचे नसतात, ओटीपीची वाट पाहावयाची नसते. तिला फक्त डॉक्टर काय म्हणाले हे विचारावयाचे असते आणि आईला धीर द्यावयाचा असतो. त्यासाठी दोन ओळींचा संदेश पुरेसा होतो, आणि तेवढे काम आकाशातील ती मंद, अधूनमधून तुटणारी जोडणी उत्तम प्रकारे करते.

पैशाचे व्यवहार जमिनीवर निश्चित करावेत आणि आकाशातील जोडणी आपल्या माणसांच्या विचारपुशीसाठी ठेवावी, हे सूत्र पाळल्यास ही नवी सेवा प्रवाशाला आणि त्याच्या घरच्यांना खरा दिलासा देईल. पुढच्या प्रवासाचे तिकीट काढताना बँकेच्या शाखेतही एक फेरी मारावी, एवढेच त्यासाठी पुरे आहे.